प्राथमिकचा पाच हजारांचा क्रीडा संच: काय आणावं, काय दुकानातच ठेवावं

समग्र शिक्षा अभियानात क्रीडा साहित्यासाठी प्राथमिक शाळेला ५,००० आणि उच्च प्राथमिकला १०,००० रुपयांपर्यंतची तरतूद आहे. तालुक्याच्या गावातल्या खेळसाहित्याच्या दुकानदारांना हा आकडा तोंडपाठ असतो. त्यामुळे ‘प्राथमिकचा संच’ म्हणून पिशवी तयारच मिळते, बिलासकट. हे परीक्षण त्या पिशवीचं आहे. ती आहे तशी उचलू नये. त्याच पैशात वस्तू बदलून घ्याव्यात, आणि बहुतेक दुकानदार बदलून देतातही.

पिशवीत साधारण काय असतं? एक बॅट, तीन स्टंप, बॅडमिंटनच्या दोन रॅकेट, पाच नंबरचा फुटबॉल, एक व्हॉलीबॉल, कॅरम किंवा बुद्धिबळ, दहा-बारा उड्यांच्या दोऱ्या, दोन रबरी रिंगा, खुणेसाठी प्लास्टिकचे चार-सहा कोन, पंप, शिट्टी. बिलावर यादी लांबलचक दिसते, साठा नोंदवहीचं पानही भरतं. आता ४० पटाचा वर्ग ३५ मिनिटांच्या तासिकेला मैदानावर उभा करून बघा. रॅकेटवर दोघं, कॅरमवर चौघं, क्रिकेटमध्ये एक मारतो, एक टाकतो आणि बाकीचे ऊन खातात. प्राथमिकच्या साहित्याला एकच माप लावावं: एका वेळी किती मुलं हलतात? या मापावर अर्धी पिशवी नापास होते.

सगळ्यात मोठी चूक फुटबॉलची. पाच नंबरचा चेंडू मोठ्यांचा: घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. तिसरीतलं पोर तो पायाच्या आतल्या बाजूने ढकलू शकत नाही, म्हणून बोटांच्या टोकाने हाणतं आणि अंगठा धरून बसतं. पहिली ते चौथीला तीन नंबरचा घ्यावा. तो साधारण ६० सेंटिमीटर घेराचा आणि ३०० ग्रॅमच्या आसपास असतो. पाचवीला चार नंबर चालेल.

नंबरानंतर कातडं बघा. शिवलेला, चकचकीत कृत्रिम कातड्याचा चेंडू हिरवळीसाठी असतो. आपल्या शाळांची मैदानं मुरमाची. तिथे आधी वरचा थर सोलतो, मग टाक्यांचा दोरा घासून तुटतो, आणि फुगा बाहेर डोकावायला लागतो. रबर मोल्डेड चेंडू दिसायला साधा, पायाला थोडा कडक, पण मुरमावर तोच टिकतो. शिवलेलाच हवा असेल तर आतला फुगा म्हणजे ब्लॅडर ब्युटाइल रबराचा आहे का ते विचारा. लॅटेक्सचा ब्लॅडर उसळी छान देतो, पण त्याची हवा दोन दिवसांत उतरते. मग ‘चेंडू पंक्चर झाला’ म्हणून तो कपाटावर जातो आणि तिथेच राहतो.

खरं तर चेंडू काट्यापेक्षा हवा भरायच्या पिनेनेच जास्त मरतात. कोरडी पिन जोर लावून घुसवली की व्हॉल्व्ह आत ढकलला जातो किंवा पिनेचं टोक ब्लॅडरला लागतं. पिनेला ग्लिसरीनचा एक थेंब लावावा (खोबरेल नको, तेलाने रबर फुगतं), पिन सरळ धरून फिरवत आत घालावी आणि हवा भरताना चेंडू दोन पायांत घट्ट धरावा, म्हणजे पिन वाकत नाही. अंगठ्यांनी दाबल्यावर चेंडू किंचित आत जाईल एवढीच हवा लहान मुलांना पुरते. दगडासारखा फुगवलेला चेंडू छातीवर बसला की पुढच्या तासिकेला ते मूल कडेला उभं दिसतं. संचात पिन एकच येते. सहा मागून घ्या, किरकोळ वस्तू आहे.

व्हॉलीबॉल परत करा. वजन २६० ते २८० ग्रॅमच असतं, पण आठ वर्षांच्या मुलाच्या मनगटावर तो सणसणीत लागतो आणि नेटवरून पलीकडे जातही नाही. त्याऐवजी सहा इंची मऊ रबरी चेंडू दहा आणि टेनिसचे चेंडू दहा घ्यावेत. दोन मुलांत एक चेंडू आला की झेलणं, फेकणं, टप्पा मारणं, भिंतीवर मारून पकडणं हे सगळ्या वर्गाला एकदम देता येतं. पहिली-दुसरीला आधी मोठा चेंडू, दोन हातांनी. टेनिसचा चेंडू नंतर.

बॅडमिंटनबद्दल काय लिहावं! ५ ग्रॅमच्या आसपासचं फूल उघड्या मैदानावर वारा नेतो, स्वस्त रॅकेट दांडा आणि चौकट जिथे जोडली आहे तिथे महिन्याभरात वाकते. पैसे परत.

दोऱ्या मात्र ठेवाव्यात आणि वाढवून २० कराव्यात. लांबी तपासा, कारण संचात सगळ्या एकाच मापाच्या, बहुधा ९ फुटी येतात. दोरीच्या मध्यावर एक पाय ठेवून मुठी वर ओढल्या की त्या काखेपर्यंत याव्यात. पहिली-दुसरीला साधारण ७ फूट आणि तिसरी ते पाचवीला ८ फूट बसते. लांब दोरी हाताला गुंडाळायला शिकवू नका. फेरा वाकडा होतो आणि पायात अडकतो. पोकळ मुठीची पीव्हीसी दोरी असेल तर मुठीतून जास्तीची ओढून आत गाठ मारावी, टोक सहा इंच राखूनच कापावं. मुरमावर दोरी मधोमध झिजते. दोन-तीन महिन्यांनी एका मुठीची गाठ सैल करून दुसरीकडून तेवढीच ओढून घेतली की झिजलेली जागा मधून सरकते. नव्या दोरीला पुडीतले वळसे राहतात. ती तासभर उन्हात टांगली की सरळ होते. लाकडी मुठीत खिळा ठोकलेल्या दोऱ्या घेऊ नयेत, खिळा निघाला की मूठ समोरच्याच्या तोंडावर जाते. यासोबत हार्डवेअरच्या दुकानातून २० फुटी जाड सुती दोर एक आणावा. दोघं फिरवतात, सहा-आठ जण उड्या मारतात, आणि हा दोर रस्सीखेचीला वापरायचा नाही हे सगळ्यांना बजावून ठेवावं.

खुणेसाठी कोनांपेक्षा प्लास्टिकच्या चपट्या थाळ्या बऱ्या: ३० घ्या. दुकानातच एक दुमडून बघा. मऊ प्लास्टिक परत उघडतं, कडक असेल तर पांढरी रेघ उमटते. अशी थाळी एका उन्हाळ्यात तडकते. उंच कोनावर पळणारं मूल पडलं तर लागतं, थाळीवर पाय पडला तरी बिघडत नाही. रिंगा आठ असाव्यात. त्या रिंग टेनिसला चालतातच, शिवाय नेम मारणं, डोक्यावर तोल सांभाळून चालणं आणि रिलेत बॅटनऐवजी हातात देणं यालाही. स्पर्धेसाठी बॅटन हवाच असेल तर ३२ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप ३० सेंटिमीटरचे तुकडे करून, कडा कानशीने घासून वापरावा. मोठ्यांचा बॅटन १२-१३ सेंटिमीटर घेराचा असतो, तो या मुठींना जाडच पडतो.

पिशवीत जे कधीच नसतं ते म्हणजे ३० मीटरची मोजपट्टी आणि मैदान आखायची पांढरी फक्की. लंगडी, खो-खो, कबड्डी, साखळी या खेळांना बाकी लागतं काय? फक्की बांधकामवाल्याकडून आणताना कळीचा चुना माथी मारत नाहीत ना, ते बघा. तो ओल्या हाताला आणि डोळ्यांना भाजतो. लगोरीसाठी लाकडी सात चकत्यांचा संच विकत मिळतो. शहाबादी फरशीचे सात तुकडे, कडा घासून, तेच काम करतात.

एवढं सगळं (तीन रबरी फुटबॉल, २० लहान चेंडू, २० दोऱ्या, ३० थाळ्या, आठ रिंगा, पंप, पिना, शिट्टी, मोजपट्टी, फक्कीचं पोतं) किरकोळ भावातही साधारण पाच हजारांत बसतं. दरपत्रकं मागवताना ‘क्रीडा संच, नग १’ असं लिहू नका. वस्तू, माप, नग असं वेगवेगळं लिहा. शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावातही तशीच यादी घाला, म्हणजे पिशवी येताना मापं बदलत नाहीत.

लेझीम या पैशांत धरू नका. ती बहुतेक जुन्या शाळांत माळ्यावर असतेच, ढिगात पडून साखळ्या एकमेकींत अडकलेली. नवी घेण्याआधी ती खाली काढा. दांड्याला कडी जिथे बसते तिथे लाकूड चिरलं असेल तरच दांडा बदला. गंजलेल्या चकत्या घासून तेलाचा हात फिरवला की लेझीमचा ‘आठ आवाज’ हा प्रकार पुन्हा खणखणीत वाजतो. पावसाळ्यात भिंतीला खिळे मारून टांगून ठेवा.

आणि साठवण. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात फुगवलेले चेंडू ठेवू नयेत. सुट्टीआधी निम्मी हवा काढावी, पूर्ण नाही, नाहीतर घडी पडते तिथेच रबर तडकतं. जाळीची पिशवी, पिशवीला नगांची चिठ्ठी, आणि देणं-घेणं बालमंत्रिमंडळाच्या क्रीडामंत्र्याकडे. मुलं शिक्षकांपेक्षा काटेकोर मोजतात. साहित्य कुलपात राहण्याचं खरं कारण वेगळंच आहे: तुटलं तर साठा नोंदवहीत काय दाखवायचं ही भीती. चेंडू, दोऱ्या, फक्की या झिजणाऱ्या वस्तू आहेत. त्या पहिल्या दिवसापासून उपभोग्य साहित्याच्या पानावर घ्या, आणि वर्षाअखेर समितीसमोर तुटक्या नगांची यादी ठेवून निर्लेखन करून, म्हणजे नोंदवहीतून ते नग रीतसर कमी करून टाका.