परत वाचावं की पुस्तक मिटून सांगावं?

धडा समजावा म्हणून आपल्याकडची बहुतेक मुलं एकच करतात: पुन्हा वाचतात आणि पेनानं अधोरेखित करतात. अमळनेरला माझ्या शेजारची सातवीतली मुलगी बाष्पीभवनाचा उतारा तीनदा वाचून आली. पानावर एकही ओळ कोरी नव्हती. "म्हणजे काय गं?" विचारलं, तर पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

मग पुस्तक मिटायला लावलं आणि आजीला सांगतेस तसं अहिराणीत सांग म्हटलं. थोडी थांबली, मग म्हणाली, "उन्हमा पानीनी वाफ व्हस." पुढे अडली ती 'आर्द्रता'वर. नेमकं काय कळलं नाही, ते तिचं तिलाच सापडलं. घरात अहिराणी आणि पुस्तकात प्रमाण मराठी असलेल्या खान्देशी मुलांसाठी मला हीच रीत फार मोलाची वाटते.

परत वाचणं निरुपयोगी नाही. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत परत वाचणारेच न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानं मात्र चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, परत वाचणाऱ्यांना ४२. पेपर अगदी काही मिनिटांवर असेल तर वाचा. पण धडा वर्षभर सोबत हवा असेल, तर प्रत्येक परिच्छेदानंतर पुस्तक मिटा, आपल्या बोलीत सांगा आणि जिथे अडाल तेवढंच पुन्हा उघडून बघा. अधोरेखा तिथेच मारा.