मधुमेही मांजर, दोन वेळचं इन्सुलिन आणि पूर्णवेळ नोकरी: नागपुरात नऊ महिने वापरल्यानंतर

वापरात असलेला संच असा: ग्लार्जिन इन्सुलिन (लँटसची 3 मिलीची कार्ट्रिज), अर्ध्या युनिटच्या खुणा असलेल्या 0.3 मिलीच्या सिरिंज, माणसांचा ग्लुकोमीटर, टायमरचा फीडर आणि अधूनमधून फ्रीस्टाइल लिब्रे सेन्सर (कातडीला चिकटवून सतत साखर मोजणारा). नोव्हेंबर ते जुलै, म्हणजे थंडी, नवतपा आणि पावसाची झड, तिन्ही यात आले. सुई टोचायची जेवढी धास्ती वाटते तेवढं ते अवघड नाही, आठवड्याभरात हात बसतो. कस लागतो तो घड्याळाचा आणि उन्हाचा.

आधी सिरिंज, कारण जिवावर बेतणारी चूक इथेच होते. मेडिकलमध्ये नुसतं "इन्सुलिनची सिरिंज द्या" म्हटलं तर लाल टोपणाची, 40 युनिटवाली हातात पडू शकते. आपल्याकडे 40 युनिट प्रति मिलीचं इन्सुलिन अजून चालतं. ग्लार्जिन 100 युनिट प्रति मिलीचं असतं, त्याला नारिंगी टोपणाची सिरिंज लागते. लाल सिरिंजमध्ये 1 च्या खुणेपर्यंत ग्लार्जिन भरलं तर मांजरीच्या अंगात अडीच युनिट जातं. प्राण्यांसाठीचं कॅनइन्सुलिन 40 चं. ते नारिंगीत भरलं तर उलट, 1 च्या जागी 0.4 युनिटच जातं. रंगावर विसंबू नका, नळीवर छापलेलं वाचा. 1 मिलीच्या सिरिंजवर खुणा दोन-दोन युनिटच्या असतात, त्यामुळे ती मांजरीसाठी निरुपयोगी. 31 गेज, 6 किंवा 8 मिमी सुई पुरते.

10 मिलीची बाटली घेऊ नका. तिच्यात 1000 युनिट असतात. दिवसाला 2 युनिट धरले तर 500 दिवस झाले, आणि उघडल्यावर लेबलप्रमाणे आयुष्य 28 दिवसांचं. कार्ट्रिजमधून सिरिंजने काढताना आत हवा सोडायची नाही, बुडबुडे परत आत ढकलायचे नाहीत. थोडं जास्त ओढून जास्तीचं बाहेर टाकायचं. ग्लार्जिन हलवायचं नाही, सलाइन घालून पातळ तर मुळीच करायचं नाही. ते आम्ल द्रावण असतं; कातडीखाली गेल्यावर त्याचे बारीक कण बनतात आणि ते हळूहळू विरघळतात, म्हणून तर परिणाम लांबतो. गढूळ दिसलं की फेकून द्या.

वेळ ठरवताना सकाळ बघू नका, संध्याकाळ बघा. बुटीबोरीहून किंवा मिहानमधून परतायला सगळ्यात उशीर झालेला दिवस धरा आणि तिथून 12 तास मागे या. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे झाला तर बिघडत नाही. डोस चुकलाच तर पुढच्या वेळी दुप्पट द्यायचा नाही. टोचताना सुई पार निघून केस ओले झाले, औषधाचा उग्र वास आला, तरी पुन्हा द्यायचं नाही, किती आत गेलं ते कळायला मार्गच नसतो. एक-दोन वेळा साखर चढली तर ती सावरता येते. दुप्पट डोस काही तासांत मांजर आडवं करू शकतो. घरात दोघं जण डोस देत असतील तर सिरिंज भरण्याआधी फ्रिजवरच्या कागदावर खूण करायची, नंतर नाही.

टोचण्याची जागा: मानेची जाड कातडी टाळा, तिथे रक्तपुरवठा कमी. बरगड्यांच्या बाजूला किंवा कुशीवर चिमटीत कातडी उचलून तंबू करा, त्याच्या पायथ्याशी सुई घाला आणि रोज जागा बदला.

आता ऊन. बंद इन्सुलिन 2 ते 8 अंशांत, उघडलेलं 30 अंशांच्या आत. मे महिन्यात 45 अंशांच्या दुपारी मेडिकलमधून आणलेली कार्ट्रिज गाडीच्या डिक्कीत टाकून सीताबर्डीत कामं उरकत बसलात तर ती वाया गेली समजा. रुंद तोंडाचा थर्मास, आत फडक्यात गुंडाळलेला बर्फाचा पॅक आणि कार्ट्रिज बर्फाला थेट न टेकता. घरी धोका उलटा: एका दाराच्या फ्रिजमध्ये फ्रीझरखालच्या ट्रेमध्ये इन्सुलिन गोठतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही. दाराच्या कप्प्यात ठेवा. लाइन गेली तर फ्रिज उघडू नका, तीन-चार तास निघतात. त्याहून लांबली तर झिपच्या पिशवीत घालून माठात. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत माठ छान काम करतो. जुलैच्या दमट हवेत त्याच्यावर भिस्त ठेवू नका. ग्लुकोमीटरलाही उष्णता सोसत नाही. तापलेल्या खोलीत तो तापमानाची चूक दाखवून बंद पडतो, अशा वेळी कूलरसमोर दहा मिनिटं ठेवून मग मोजा.

इंजेक्शनआधी मोजणं वगळू नका. कानाच्या कडेवर, मोज्यात भरलेल्या कोमट तांदळाने शेकून, मागे कापसाचा बोळा धरून टोचा. कडेला किंचित व्हॅसलीन लावलं तर रक्त केसांत न पसरता थेंब धरतं. माणसांचा मीटर मांजरीत बहुधा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. म्हणून मीटर एकच ठेवा आणि बदल त्याच्यावरच जोखा. सुरुवातीच्या महिन्यांत 200 च्या खाली (सगळे आकडे मिग्रॅ/डेसीलिटरमध्ये) आकडा आला तर डोस न देता डॉक्टरांना फोन, ही मर्यादा बहुतेकांना सोयीची. डोस वाढवायचा तर अर्ध्या-पाव युनिटने आणि पाच-सात दिवस थांबून. मांजर जेवलं नाही तर पूर्ण डोस द्यायचा नाही. त्यासोबत उलटी आणि मरगळ असेल तर लघवीत कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साठणारं घातक द्रव्य) तपासा. ते आढळले तर त्याच दिवशी दवाखाना. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, पण रात्री कोण उघडं असतं याची चौकशी आजारपणाआधीच करून ठेवलेली बरी.

ग्लार्जिनचा जोर साधारण चार ते आठ तासांनी, म्हणजे नेमका तुम्ही ऑफिसात असताना. म्हणून फीडर 11 आणि 2 ला लावा. ओलं खाणं उन्हाळ्यात बंद घरात दोन तासांत खराब होतं, तेव्हा वाट्या आदल्या रात्री गोठवून ठेवा, टायमरपर्यंत वितळतात. फीडर बॅटरीवरचाच घ्या आणि कॅमेरा लावणार असाल तर राउटरला छोटा यूपीएस जोडा, नाहीतर लाइन गेली की दोन्ही आंधळे. सुकं खाणं थांबवा, त्यात पिष्ट खूप. पाकिटावरचे प्रथिन, स्निग्ध, ओलावा, राख आणि तंतूंचे टक्के 100 मधून वजा केले की उरेल ते पिष्ट. ओलं खाणंही या हिशोबातून बघून घ्या, ग्रेव्हीत मैदा-स्टार्च असतो. नुसतं उकडलेलं चिकन पुरेसं नाही, त्यात कॅल्शियम नगण्य असतं आणि टॉरिन (मांजरीला खाण्यातून मिळावंच लागणारं अमिनो आम्ल) उकळीच्या पाण्यात निघून जातं. खाणं बदलताच साखर झपाट्याने उतरू शकते, तेव्हा इन्सुलिन आधीच कमी करायला डॉक्टरांना सांगा.

लडबडणं, थरथरणं, नजर हरवणं म्हणजे साखर खाली गेली. ग्लुकोजची पूड चार थेंब पाण्यात कालवून हिरड्यांना चोळा. बेशुद्ध मांजरीच्या तोंडात काही ओतायचं नाही, ते फुफ्फुसात जातं. शुद्धीत असेल तर लगेच खायला द्या आणि दर पंधरा मिनिटांनी मोजा.

लिब्रे सेन्सर 14 दिवसांचा, पण मांजर तो बरेचदा आधीच खरवडून काढतं. नोकरी करणाऱ्यांना तरी तो महिन्यातून एकदा लावावासा वाटेल, कारण ऑफिसातल्या तासांचा आलेख एरवी मिळत नाही. आठवण 8 तासांचीच, त्यामुळे निघताना आणि परतताना स्कॅन करा. दहा तास बाहेर राहिलात तर सकाळचा तुकडा गळतो. 40 च्या खाली तो आकडा सांगतच नाही.

लवकर ताबा मिळाला तर काही मांजरींची साखर इन्सुलिनशिवाय टिकू लागते. आकडे सतत 150 च्या आत यायला लागले की डोस अर्ध्या युनिटने उतरवत न्यायचा, तोही डॉक्टरांना वही दाखवून. बंद झाल्यावरही आठवड्यातून एकदा मोजायचं, आणि पुढे कोणत्याही आजारासाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन देण्याआधी हा इतिहास सांगायचा; त्याने साखर परत चढू शकते.