ॲकॅम२०००: देवीची लस, पंधरा टोच्यांची

देवीचा विषाणू अधिकृतपणे आता दोनच ठिकाणी आहे: अटलांटातली सीडीसी (अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था) आणि रशियात कोल्त्सोव्होची व्हेक्टर प्रयोगशाळा. १९८० साली निर्मूलन जाहीर झालेल्या रोगाची लस तरीही बनते, कारण विषाणूचा साठा आणखी कुणाकडे असेल तर तो शस्त्र म्हणून बाहेर येईल ही भीती. सोव्हिएत संघाने तसा कार्यक्रम चालवला होता, त्यामुळे ती उगाच नाही. ॲकॅम२००० ला अमेरिकेत २००७ मध्ये मंजुरी मिळाली. औषधाच्या दुकानात ती मिळत नाही. सरकारी राखीव साठ्यातून लष्कराला आणि मोजक्या प्रयोगशाळांना जाते.

साठवणीच्या बाबतीत पैकीच्या पैकी गुण. कोरड्या पावडरीची एक कुपी, त्यात ०.३ मिलि द्रावण घातले की सुमारे १०० जणांची लस तयार. एका माणसाला लागतात फक्त ०.००२५ मिलि. साथ आली तर एवढ्याशा जागेत एवढे डोस मावणे फार मोलाचे. मिसळल्यावर मात्र खोलीच्या तापमानाला सहा ते आठ तासच टिकते, फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांवर ३० दिवस.

खरी परीक्षा टोचणाऱ्याची. नेहमीची सिरिंज इथे चालत नाही. दोन टोकांची सुई कुपीत बुडवायची, टोकांच्या मध्ये थेंब अडकतो. तो दंडावर टेकवायचा आणि सुई त्वचेशी काटकोनात धरून ५ मिमीच्या वर्तुळात भराभर १५ टोचे द्यायचे. पंधरा-वीस सेकंदांत रक्ताचा ठिपका दिसला पाहिजे. तो दिसला नाही तर टोचे वरवर पडले. दुसरी नेहमीची चूक स्पिरिटच्या बोळ्याची. हात सवयीने तिकडे जातो, पण ओल्या स्पिरिटने लसीतला जिवंत विषाणू निकामी होतो. पुसलेच तर त्वचा पूर्ण वाळू द्यायची.

तीन ते पाच दिवसांत पुटकुळी, मग पाण्याचा फोड, मग पू, आणि दोन-तीन आठवड्यांनी खपली गळते. सहाव्या ते आठव्या दिवशी जागा तपासायचीच. पहिल्यांदा लस घेणाऱ्याला फोड उठला नाही तर लस लागलेली नाही, पुन्हा टोचावे लागते. (१९८० नंतर जन्मलेले अनेकजण दंडावरचा वण दाखवून ‘आम्हाला देवी काढल्यात’ म्हणतात. तो बहुधा बीसीजीचा असतो.)

या लसीचा सर्वांत कटकटीचा भाग म्हणजे पुढचे तीन आठवडे. फोडात जिवंत व्हॅक्सिनिया विषाणू (लसीतला, देवीच्या विषाणूचा नातलग) असतो. खाजवलेले बोट डोळ्याला लागले तर तिथे संसर्ग, टॉवेल एकच असेल तर घरच्यांना. गॉज, वर चिकटपट्टी, त्यावर पूर्ण बाहीचा कपडा, पट्टी बदलली की साबणाने हात. खपली गळाली की तीही पिशवीत बंद करून टाकायची. घरात इसब असलेले मूल किंवा गरोदर बाई असेल तर साथ नसताना ही लस घेऊच नये. शिवाय हृदयाचा प्रश्न: पहिल्यांदा घेणाऱ्या साधारण १७५ जणांत एकाला हृदयस्नायूला किंवा हृदयाच्या आवरणाला सूज येते. लसीनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत छातीत दुखले, धाप लागली, तर ॲसिडिटी समजून घरी बसायचे नाही.

२००२-०३ मध्ये अमेरिकेने सुमारे पाच लाख आरोग्य कर्मचाऱ्यांना देवीची लस द्यायचे ठरवले होते. तेव्हा हातात जुनी ड्रायव्हॅक्स होती, ॲकॅम२००० ची आईच. चाळीस हजारांच्या आतच गाडे अडले. समोर रोग नसताना एवढा धोका कोण पत्करणार?

पर्याय आहे: जिनिओस, मंजुरी २०१९. यातला विषाणू माणसाच्या शरीरात वाढत नाही, म्हणून फोड नाही, घरच्यांना धोका नाही. ०.५ मिलिचे दोन डोस, २८ दिवसांच्या अंतराने. तोटा वेळेचा, कारण पूर्ण संरक्षण दुसऱ्या डोसनंतर दोन आठवड्यांनी येते.

ऑर्थोपॉक्स (देवीच्या कुळातल्या) विषाणूंवर काम करणाऱ्यांनी शांततेच्या काळात जिनिओसच घ्यावी. ॲकॅम२००० चे दिवस येतील ते प्रत्यक्ष देवी पसरली तर: संपर्कानंतर तीन दिवसांच्या आत टोचली तर रोग टळू शकतो किंवा सौम्य होतो, आणि तिथे दीड महिना थांबायची सोय नसते.