गुळवेल: रस, सत्त्व की घनवटी? केमो चालू असेल तर तिन्ही नकोत

कॅन्सरची केमो सुरू झाली की प्रतिकारशक्ती वाढते म्हणून कुणीतरी गुळवेल आणून देतंच. बाजारात ती तीन रूपांत मिळते.

सत्त्व म्हणजे ठेचलेलं खोड पाण्यात कुसकरून तळाशी बसलेला पांढरा साका, मुख्यतः स्टार्च. अर्क म्हणून पैसे मोजण्यासारखं त्यात फारसं काही नाही. घरी काढलेला कच्चा रस तर पांढऱ्या पेशी घसरलेल्या असताना नकोच, कारण त्यातले जंतू तसेच पोटात जातात. घनवटी म्हणजे आटवलेल्या काढ्याची गोळी, तिघांत जरा बरी. पण लेबलवर ‘टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया’ (गुळवेलीचं शास्त्रीय नाव), ‘खोड’ आणि अर्काचं प्रमाण नसेल, तर ‘५०० मिग्रॅ’ या आकड्याला अर्थ नाही. भेसळ ओळखायची ती वेलावरच. खऱ्या गुळवेलीची साल कागदासारखी सुटते. तिच्याऐवजी खपवल्या जाणाऱ्या टिनोस्पोरा क्रिस्पा या दुसऱ्या वेलीच्या खोडावर चामखिळीसारखे उंचवटे असतात. गोळीत यातलं काहीच दिसत नाही.

गुणाचा दावा अगदी हवेतला नाही. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. शरदिनी डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात सायक्लोफॉस्फमाइड हे केमोचं औषध दिलेल्या उंदरांवर गुळवेल तपासली होती. पण ते उंदीर होते. आणि २०२१मध्ये मुंबईतूनच गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद आली. आयुष मंत्रालयाने तिला हरकत घेतली, तरी पुढच्या वर्षी देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून अशाच ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली.

खरी अडचण इथेच आहे. एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलं तर ते केमोने की गुळवेलीने, हे डॉक्टरांना सांगता येत नाही आणि केमोची पुढची सायकल (फेरी) लांबते. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपीची औषधं चालू असतील तर धोका आणखी, कारण त्यांच्यामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा आधीच यकृतावर उलटू शकते. मधुमेह्यांची साखर गुळवेलीने उतरते, मळमळीसाठी दिलेल्या डेक्सामेथासोनने चढते. मग ग्लुकोमीटरचे आकडे कशामुळे, ते लागत नाही.

न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, केमोच्या बहुतेक औषधांत डोसनंतर ७ ते १४ दिवसांत तळाला जातात. ते वर आणायला फिलग्रास्टिमचं इंजेक्शन आहे, साधारण किलोमागे ५ मायक्रोग्रॅम रोज, केमोनंतर किमान २४ तासांनी. त्या दिवसांत ताप १००.४ फॅरेनहाइटला पोचला तर काढा नको, आधी पॅरासिटामॉल घेऊन ताप झाकणंही नको. रात्र असली तरी थेट हॉस्पिटल.

गोळ्या आधीच घेऊन झाल्या असतील तर डबी फेकू नका. पुढच्या तपासणीला लेबलसकट न्या आणि सीबीसीबरोबर (रक्तपेशींची मोजणी) यकृताची चाचणीही करायला सांगा.