व्हिएतनाम की श्रीलंका?

सोलापुरातून परदेशी जाऊ पाहणारी ओळखीची मंडळी हल्ली बहुधा याच दोन नावांशी येऊन अडतात, आणि मी दोन्हीकडे जाऊन आलेलो असल्यामुळे विचारणा माझ्याकडे होते. व्हिसा, विमानभाडे, चलन ही माहिती ज्याला जायचे आहे त्याने काढलेलीच असते. ती सोडून, तेथे गेल्यावर जे कळते तेवढेच लिहितो.

श्रीलंकेची बाजू आधी मांडायला हवी, कारण ती भक्कम आहे. आपल्या तिखटाला सरावलेल्या जिभेला तो देश पहिल्याच जेवणात मानवतो: डाळ, फणसाची भाजी, ओल्या खोबऱ्याची झणझणीत चटणी. चटणीत सुक्या माशाचा चुरा असतो, तेवढे शाकाहाऱ्यांनी विचारून घ्यावे. पोलोन्नरुवाचे गल विहार तर चुकवूच नये. बाराव्या शतकात एकाच कातळात कोरलेल्या तेथील मूर्तींपैकी पहुडलेल्या बुद्धाच्या उशाशी थोडा वेळ थांबावे. डोक्याच्या भाराने उशी जेथे दबली असती, तेथे शिल्पकाराने दगडालाच हलकासा खोलगटपणा दिला आहे.

असे असूनही माझे मन फिरले ते रस्त्यावर. कँडीहून सिगिरियाला, म्हणजे उंच कातळावरच्या प्राचीन किल्ल्याला, थेट रेल्वे नाही. कँडीकडून येणारा फाटा मातले येथे संपतो. सामान आणि वडीलधारी माणसे बरोबर असली की गाडी ठरवावी लागते, आणि मातलेच्या परिसरात मसाल्यांच्या बागा वाट अडवूनच उभ्या असतात. ‘दहाच मिनिटे’ म्हणत आमच्या चालकाने गाडी आत घेतली. दालचिनीची साल सोलून दाखवली गेली, वेलदोड्याचे गुण सांगितले गेले, बाकावर बसवून मानेला कसलेसे तेल चोळले गेले, आणि बाहेर पडण्याचा मार्ग दुकानातूनच होता. पुढे रत्नांचे दुकान, त्यानंतर बाटिकचे. सिगिरियाच्या पायथ्याशी पोहोचलो तेव्हा ऊन इतके चढले होते की आईने वर येण्याचा विचार सोडून दिला. कमिशनवर त्या माणसाचे घर चालत असेल, त्यामुळे त्याला बोल लावत नाही. सगळेच चालक असे करतात असेही म्हणणार नाही. परंतु नको म्हटले की त्याचा चेहरा पडायचा आणि बरे म्हटले की आमचा दिवस जायचा, हा ताण उरलेल्या प्रवासभर सोबत राहिला.

व्हिएतनाममध्ये हा प्रकार अजिबात नाही असे नव्हे. हालाँग उपसागराकडे जाणाऱ्या सहलीच्या बसगाड्याही मोत्यांच्या दुकानाशी थांबतात. फरक आहे तो देशाच्या ठेवणीत. हनोई ते सायगाव (हो चि मिन्ह सिटी) हा १,७२६ किलोमीटरचा लोहमार्ग असून निन्ह बिन्ह, ह्यूए आणि दा नांग ही पाहण्याजोगी शहरे त्याच एका मार्गावर आहेत. तिकीट हातात असले की कोणाची मनधरणी करावी लागत नाही. ह्यूए ते दा नांग हा साधारण तीन तासांचा टप्पा तर माझ्या मते सबंध सहलीचे सार्थक करणारा आहे: लांग को गावाची खाडी मागे पडते, गाडी हाय वान घाटाच्या कडेने सावकाश वळू लागते आणि खिडकीखालीच समुद्र येतो.

सोलापूरकराने तेथे जाण्याचे आणखी एक कारण म्हणजे ‘मी सन’ नावाचा प्राचीन मंदिरसमूह. सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांच्या गावातून गेलेल्या माणसाला, चंपा या तेथील जुन्या राज्याच्या राजांनी चौथ्या शतकापासून भद्रेश्वराच्या नावाने उभारलेली ही शिवस्थाने पाहताना परके वाटत नाही. विटांच्या सांध्यात चुना जवळजवळ दिसतच नाही. ऑगस्ट १९६९ मधील अमेरिकी बॉम्बफेकीत तेथील बरीच मंदिरे उद्ध्वस्त झाली, आणि २०२० मध्ये आपल्याच पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाला जतनाच्या कामात नवव्या शतकातील वालुकाश्माचे अखंड शिवलिंग सापडले. ते ऐकल्यापासून पुन्हा जाण्याची ओढ अधिकच वाढली आहे.

उणीव एकच, आणि ती लहान नाही: मासे मुरवून केलेले खारट पाणी (फिश सॉस) जवळजवळ प्रत्येक पदार्थात पडते. ‘चाय’ (Chay, म्हणजे चहा नव्हे, शाकाहारी) अशी पाटी असलेली खानावळ शोधावी. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तेथील अनेक बौद्ध घरांत शाकाहारच असतो, त्यामुळे त्या दिवशी फार अडत नाही. एरवीसाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर असावी.

ज्यांना घरच्यासारखे जेवण आणि कमी वेळाचा विमानप्रवास हवा असेल त्यांनी श्रीलंका निवडल्यास मी आडकाठी करणार नाही. मला विचाराल तर व्हिएतनाम. मात्र दिवाळीत नको, त्या सुमारास मध्य व्हिएतनाममध्ये पावसाचा जोर असतो आणि होई आनच्या गल्ल्यांत पाणी शिरते. सोलापूरची जानेवारीतील गड्ड्याची यात्रा आटोपली, तेथील तेत हा नववर्षाचा सण उरकून दुकाने उघडली, की फेब्रुवारीअखेर ते मार्च हा काळ उत्तम. मीही त्याच सुमाराची तिकिटे पाहतो आहे. ह्यूएहून दा नांगला जाताना डाव्या बाजूची खिडकी मागून घ्यावी, समुद्र त्याच बाजूला आहे.