हॅस्केलमधून लुआ चालवणारं एचएसलुआ: द्राक्षाचा एक सीझन काढल्यावरचा रिव्ह्यू

एचएसलुआ ही एक लायब्ररी आहे, हॅस्केल भाषेतल्या प्रोग्रॅममधून लुआ भाषेतल्या स्क्रिप्ट चालवायची. आधीच सांगतो, मी कुठल्या मोठ्या कंपनीतला नाही. नाशिकला इंदिरानगरात घरातल्याच एका खोलीत बसून छोटी-मोठी सॉफ्टवेअरची कामं करतो. त्यातलं एक काम म्हणजे दिंडोरी रोडकडच्या एका पॅकहाऊसचा पट्ट्या काढायचा प्रोग्रॅम. शेतकऱ्याचे क्रेट काट्यावर येतात, वजन होतं, क्रेटचं वजन वजा, घट वजा, घेतलेली उचल वजा, आणि उरलेल्या रकमेची पट्टी हातात. हे सगळं मी हॅस्केलमध्ये लिहिलंय. का, ते घरच्यांनीपण विचारून झालंय. पैशाचं काम आहे, किलो आणि पैसे एकमेकांत मिसळले की कंपायलर, म्हणजे कोड तपासून त्याचा प्रोग्रॅम बनवणारा, तिथंच अडवतो आणि मला रात्री झोप लागते, एवढंच उत्तर आहे.

आता अडचण काय होती, तर हिशोब तोच पण नियम रोज बदलतात. तिथले हिशोबवाले काका जानेवारी ते एप्रिल मला दिवसातून दोनदा फोन करायचे. "अरे, नवीन क्रेट आलेत, ते दोन किलोचे आहेत, जुने पावणेदोनचे, पट्टी चुकतीये." मग मी एक आकडा बदलायचा, सगळं कंपाइल करायचं, पेनड्राइव्ह घेऊन दिंडोरी रोडच्या ट्रॅफिकमधून जायचं, आणि पोचेपर्यंत काका म्हणणार की आता सोळा एमएमच्या मण्याला वेगळी घट लावायचीये. दोन सीझन असे काढल्यावर ठरवलं की नियम बाहेर काढायचे, साध्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे काकांना नोटपॅडमध्ये उघडून बदलता येतील, आणि हॅस्केलने फक्त ती स्क्रिप्ट बोलावून उत्तर घ्यायचं.

पहिला प्रयत्न पायथॉनचा होता, कारण पायथॉन सगळ्यांनाच येतं. वेगळी प्रोसेस सुरू करायची, जेसॉन (माहिती मजकुरात मांडायचा एक ठरलेला साचा) पाठवायचं, जेसॉन परत घ्यायचं. चालतं हो, पण प्रत्येक पट्टीला स्क्रिप्ट वाचून चालवणारा नवा इंटरप्रिटर उठवायचा म्हणजे दाराबाहेर ट्रॅक्टर सुरू करून दारातच बंद करण्यासारखं. त्यात एके दिवशी त्या कॉम्प्युटरवर कोणीतरी काहीतरी "क्लीन" केलं आणि पायथॉनच गायब, वर काका म्हणतात मी हातपण लावला नाही. तेव्हा कळलं की आपल्याला इंटरप्रिटर आपल्या एक्झीच्या, म्हणजे तयार प्रोग्रॅमच्या फाइलच्या, पोटातच पाहिजे.

आणि तिथं लुआ आलं. लुआ म्हणजे पोर्तुगीजमध्ये चंद्र, १९९३ ला ब्राझीलमध्ये रिओच्या कॅथॉलिक विद्यापीठात जन्मलेली भाषा. तिच्या आधी त्यांनी पेट्रोब्रास या तेल कंपनीसाठी दोन छोट्या भाषा केल्या होत्या, त्यातल्या एकीचं नाव सोल म्हणजे सूर्य, म्हणून ही चंद्र. म्हणजे इंजिनिअर लोकांना स्वतःचे आकडे आणि नियम स्वतः लिहिता यावेत, अशाच गरजेतून ही निघालीये, जवळजवळ आमच्या काकांसाठीच. पूर्ण सोर्स साधारण ३०,००० ओळींचा सी कोड, बास.

एचएसलुआ म्हणजे हॅस्केल आणि लुआ यांच्यातला पूल. पॅन्डॉक, म्हणजे कागदपत्रं एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेणारा प्रोग्रॅम, वापरत असाल तर नकळत तुम्ही हेच वापरताय. पॅन्डॉक हॅस्केलमध्ये आहे, त्याचे फिल्टर (मजकूर मधेच बदलणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट) आधी वेगळ्या प्रोसेसला जेसॉन पाठवून चालायचे, म्हणजे माझी पायथॉनवाली पद्धतच, आणि २०१७ मध्ये २.० आवृत्तीत त्यांनी लुआ आतच बसवलं. हे वाचून मला बरं वाटलं, म्हणजे मी एकटाच येडा नाही.

इन्स्टॉल करायला काहीच त्रास नाही, खरंच. पॅकेजसोबत लुआचा सी सोर्सच येतो, विंडोजवर जीएचसी या हॅस्केलच्या कंपायलरबरोबर सी कंपायलर येतोच, त्यामुळे कबाल फाइलमध्ये, म्हणजे प्रोजेक्टला काय काय लागतं त्या यादीत, एक ओळ टाकली आणि पहिल्या बिल्डला चहा प्यायला गेलो. पॅकहाऊसच्या मशीनवर वेगळं काहीही टाकावं लागलं नाही. लायसन एमआयटी, पैसे शून्य.

आता वापराबद्दल. लुआशी बोलायचं म्हणजे एका स्टॅकमधून बोलायचं. आपल्याकडे क्रेटची थप्पी लावतात ना, तसंच. हॅस्केलने एकेक किंमत थप्पीवर ठेवायची, लुआला सांगायचं की वरचे तीन क्रेट घे, तो ते उचलतो आणि उत्तराचा एक क्रेट वर ठेवून जातो. खालून मोजलं तर १, २, ३, वरून मोजलं तर उणे १, उणे २. समजायला सोपं आहे पण उत्तर वाचून झाल्यावर तो क्रेट खाली उतरवायला मी विसरलो. दहा-बारा पट्ट्या झकास निघाल्या आणि पुढं कधीतरी प्रोग्रॅम धाडकन बंद, एरर नाही काही नाही. लुआ तुम्हाला २० मोकळ्या जागांची हमी देतं, त्याच्यावर ठेवायचं असेल तर आधी विचारायचं, नाही विचारलं तर काय होईल ते सांगता येत नाही. आणि हॅस्केलचा टाइप चेकर इथं गप्प बसतो बरं का, थप्पी किती उंच झाली ते टाइपमध्ये कुठंच दिसत नाही. नंतर कळलं की 'इन्व्होक' नावाचं फंक्शन आहे, त्याला लुआच्या फंक्शनचं नाव आणि आर्ग्युमेंट द्यायची, थप्पी तो सांभाळतो. हे मला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर एक रविवार वाचला असता.

सगळ्यात जास्त वेळ मात्र आकड्यांनी खाल्ला. हॅस्केलमध्ये मी सगळे पैसे पूर्णांक पैशात ठेवतो, दशांश नाहीच. लुआत ५.३ आवृत्तीपासून पूर्णांक आणि अपूर्णांक वेगळे आहेत, पण / केलं की उत्तर कायम अपूर्णांकच येतं, शंभर भागिले दोन केलं तरी ५०.० येतं. आता ५०.० मधून पूर्णांक मागितला तर एचएसलुआ देतं, कारण त्यात काही सांडत नाही. म्हणून माझ्या टेस्ट सगळ्या पास झाल्या, मी सगळे गोल आकडे टाकले होते ना. आणि खऱ्या दिवशी एक छोटी पट्टी आली, १,२३,४५७ पैशांची, शेकडा दीड घट, म्हणजे गुणिले १५ भागिले १००० बरोबर १८५१.८५५, आणि हॅस्केलने साफ नकार दिला की मला पूर्णांक पाहिजे. हे बरंच झालं, कारण त्याने गुपचूप कापून घेतलं असतं तर मला कळलंच नसतं.

मग मी / काढून // केलं, लुआत तो पूर्णांकी भागाकार. काम झालं असं वाटलं. आठवड्याने काकांचा फोन, "एक पैसा जुळत नाहीये." एक पैसा! मी म्हटलं काका सोडा ना, तर म्हणे "एक पैसा आज आहे, हिशोब जुळला पाहिजे." आणि माणूस बरोबर होता. // नेहमी खालच्या बाजूला जातो. घट अधिक म्हणून काढली तर १८५१, पण पट्टीच्या स्क्रिप्टमध्ये मी ती उणे चिन्हासकट काढत होतो, तिथं उणे १८५२ येत होतं. खतावणीत एक, पट्टीत दुसरं. हॅस्केलच्या 'डिव्ह' या भागाकाराचंही हेच वागणं आहे, 'क्वोट' वापरलं तर शून्याकडे जातं, म्हणजे दोष ना लुआचा ना पुलाचा, माझाच. पण आता मी राउंडिंगचं फंक्शन हॅस्केलमध्ये एकच लिहिलंय आणि ते लुआला देऊन टाकलंय, काकांनी भागाकार स्वतः करायचाच नाही. आणि हे उलटं देणं, म्हणजे हॅस्केलचं फंक्शन लुआच्या हातात ठेवणं, एचएसलुआमध्ये फार सुंदर जमतं. नाव, पॅरामीटर, त्याचं वर्णन सगळं हॅस्केलमध्येच लिहायचं आणि लुआच्या बाजूला ते साधं फंक्शन म्हणून दिसतं. मला विचाराल तर या एका गोष्टीसाठी लायब्ररी घ्यावी.

अजून एक खड्डा. शेतकऱ्याची माहिती जेसॉनमधून येते, ती लुआत टाकायला एचएसलुआ-एसॉन नावाचं पॅकेज आहे, चांगलं आहे. पण जेसॉनचं नल ("किंमत नाही" ची खूण) लुआत निल होत नाही, कारण लुआच्या टेबलमध्ये निल म्हणजे ती नोंदच नसणे. म्हणून ते एक वेगळा रिकामा पॉइंटर ठेवतात. आणि लुआत फक्त निल आणि फॉल्स एवढेच खोटे, बाकी सगळं खरं! म्हणजे काकांनी लिहिलं "उचल असेल तर वजा कर", उचल नल होती, लुआ म्हणालं आहे की, आणि वजा करायला गेलं तर भडका. ज्यांनी कधीच उचल घेतली नाही त्यांच्याच पट्ट्या अडकल्या, आणि ते लोक आधीच रांगेत उभं राहून वैतागलेले. आता मी नल हॅस्केलमध्येच शून्य करून पाठवतो.

मराठीचं विचाराल तर लुआची स्ट्रिंग म्हणजे नुसते बाइट. त्यामुळे मराठी मजकूर आतबाहेर नीट जातो, काही मोडत नाही. फक्त लांबी मोजू नका. 'नाशिक' आपल्याला तीन अक्षरं दिसतात, लुआच्या यूटीएफ-८ लायब्ररीला विचारलं तर काना-वेलांटी वेगळी मोजून ५ सांगते आणि लुआचं # चिन्ह बाइट मोजून म्हणतं १५. मी नावं वीस "अक्षरांवर" कापायचं स्क्रिप्टमध्ये लिहिलं होतं आणि पट्टीवर अर्ध्या नावांच्या शेवटी प्रश्नचिन्हवाला ठिपका छापून आला. एका आजोबांनी विचारलं की हे माझ्या नावापुढं काय लावलंय. छपाईचं काम परत हॅस्केलकडे. आणि हो, लुआत फंक्शनची आणि व्हेरिएबलची नावं देवनागरीत देता येत नाहीत, काकांची मोठी निराशा झाली.

एररच्या बाबतीत मात्र पूर्ण मार्क. लुआ आतून एरर आली की सीच्या लाँगजम्पने उडी मारतं, आणि ती उडी हॅस्केलच्या डोक्यावरून गेली तर सगळंच कोसळतं. एचएसलुआने हे मधेच अडवून त्याचं हॅस्केलचं एक्सेप्शन (प्रोग्रॅममध्ये पकडता येणारी चूक) करून दिलंय, आणि हॅस्केलमधली चूक लुआकडे लुआची एरर म्हणून जाते. फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक येतो. काका आता फोनवर "चौदाव्या ओळीत वजन निल सांगतोय" असं बोलतात, मला अंगावर काटा येतो. स्पेलिंग चुकलं तरी लुआ निल धरून पुढं जातं हे वाईटच, पण निदान गणित करताना तरी ओरडतं.

दोन वजनकाटे लावले तेव्हा थोडी पळापळ झाली. एक लुआ स्टेट (चालू असलेलं एक लुआ, त्याच्या थप्पीसकट) दोन थ्रेडने, म्हणजे प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांनी, एकदम वापरायचं नसतं, मी वापरलं, दोन शेतकऱ्यांची वजनं एकात एक गेली. आता प्रत्येक काट्याला स्वतःचं स्टेट. बिल्ड करताना थ्रेडेड रनटाइम चालू करायला विसरू नका, नाहीतर लुआ चालू असेपर्यंत हॅस्केलचे बाकी थ्रेडही बसून राहतात. आणि काकांनी चुकून न संपणारा लूप लिहिला तर हॅस्केलचा टाइमआउट उपयोगाचा नाही, तो सीमध्ये अडकलेल्या कॉलला उठवू शकत नाही. म्हणून नवीन नियम मी आधी वेगळ्या प्रोसेसमध्ये दहा जुन्या पट्ट्यांवर चालवून बघतो, अडकला तर प्रोसेस मारून टाकतो, पास झाला तरच तो खऱ्या कामाला लागतो. सोबत लुआच्या सगळ्या लायब्ररी उघडून देऊ नका, सिस्टिमला आणि फाइलला हात लावणाऱ्या ओएस आणि आयओ बंदच ठेवा, फाइल डिलीट करायची ताकद पट्टीच्या नियमाला कशाला पाहिजे.

डॉक्युमेंटेशन तोकडं आहे. फंक्शन काय करतं ते लिहिलंय, पण कुठल्या पॅकेजमधून काय घ्यायचं ते नाही, कोअर, मार्शलिंग, क्लासेस, पॅकेजिंग अशी अर्धा डझन पॅकेजेस, नवीन माणूस त्यातच फिरत राहतो. मी शेवटी पॅन्डॉकचा सोर्स उघडून बसलो आणि त्यातूनच शिकलो. त्याचा एक तारा कापतो, पाचपैकी चार.

इलिक्सर भाषेत काम करणाऱ्या एका मित्राने पायथॉनएक्स दाखवलं, तेपण पायथॉनला त्याच प्रोसेसमध्ये बसवतं. पण पायथॉनचं ते एकच कुलूप, एका वेळी एकाच थ्रेडला चालू देणारं जीआयएल, तिथंही आडवं येतं, आणि मला पायथॉनच्या मोठ्या लायब्ररी लागतच नाहीत. तुम्हाला पांडाज (पायथॉनची तक्त्यांवर काम करायची लायब्ररी) वगैरे लागत असेल तर तिकडे बघा, माझ्यासारखे पंधरा ओळींचे नियम असतील तर लुआ बास.

मार्चमध्ये काकांनी स्वतः एक नियम लिहिला, पावसात भिजलेल्या मालाला जास्त घट, पाच ओळी, मला न विचारता. चालला. आता छाटण्या सुरू झाल्यात, जानेवारीपर्यंत मला फुरसत आहे, तेवढ्यात थप्पीवाला जुना सगळा कोड काढून 'इन्व्होक'वर आणायचाय, आणि काकांनी दिलेली बेदाण्याच्या हिशोबाची वही अजून उघडायचीये.