मिनी ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकला लोखंडी नळीऐवजी होस: खरड छाटणीपासून जानेवारीपर्यंतचा अनुभव

ट्रॅक्टर 20 एचपीच्या आसपासचा, जुना, नाशिकजवळच्या दिंडोरी भागातल्या द्राक्षबागेत चालणारा. पंपाकडून लिफ्टकडे (अवजार उचलणाऱ्या भागाकडे) जाणारी प्रेशरची लोखंडी नळी झिरपत होती. एप्रिलच्या खरड छाटणीत तिच्या जागी होस (आत तारेची जाळी असलेली लवचिक रबरी नळी) बसवली आणि पंपाच्या सक्शनचा, म्हणजे टाकीतून ऑइल ओढणाऱ्या बाजूचा, रबरी जोडही बदलला. जानेवारीपर्यंतचा निकाल असा: प्रेशरची होस कोरडी ठणठणीत, सक्शनच्या जोडाकडे मात्र सतत लक्ष ठेवावं लागतं.

नळी गेली ती तिला धरून ठेवणाऱ्या क्लिपखाली. बागेतल्या ट्रॅक्टरची हीच जागा आधी बघावी. फवारणीतलं बोर्डोचं (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाचं), गंधकाचं पाणी क्लिपच्या रबरात मुरून राहतं, मोरचुदातलं तांबं लोखंड खात जातं, आणि बाहेरचा रंग मात्र शाबूत दिसतो. त्यात इंजिनची थरथर. अशा नळीला पितळेचा डाग देऊन काम भागतं, पण थोडे दिवस. शेजारचा पत्रा आधीच पातळ झालेला असतो, आणि तापवल्यावर नळीत आतून सुटणारी खपली वाल्व्हच्या स्पूलमध्ये (आत सरकणाऱ्या दांड्यात) अडकली की लिफ्ट वर जाऊन तिथेच थांबते. डाग द्यायचाच असेल तर नळी आतून डिझेलने धुऊन, हवा मारूनच बसवावी.

गळती शोधताना हात फिरवू नये. या लिफ्टचं प्रेशर दीडशे बारच्या घरात जातं. बारीक छिद्रातून ऑइल कातडीखाली शिरलं तर जखम टाचणीएवढी दिसते, पण तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. पुठ्ठा धरून बघावं. नळी खोलण्याआधी अवजार जमिनीवर टेकवायचं, इंजिन बंद करायचं, मग लिव्हर वरखाली करून राहिलेलं प्रेशर सोडायचं.

होस घेतली ती 3/8 इंची, आर-2 म्हणजे तारेच्या दोन जाळ्यांची. ही सुमारे 330 बारची असते. एका जाळीची आर-1 त्याच मापात 180 बारच्या आसपास भरते, म्हणजे कागदावर चालते, पण खड्ड्यातून फवारणीचा ब्लोअर उचलून जाताना बसणाऱ्या धक्क्यांना तिच्याकडे फारशी शिल्लक उरत नाही. किमतीतला फरक बघून आर-1 घेण्यात अर्थ नाही. क्रिम्पिंग (होसच्या टोकाला जोड दाबून बसवणं) नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीत समोर उभं राहून करून मिळतं. जाताना जुनी नळी दोन्ही टोकांच्या नटांसकट न्यावी. जपानी घराण्याच्या ट्रॅक्टरवर आटे बीएसपी या ब्रिटिश पाइपच्या आट्यांसारखेच जुळतात, पण आतली सीट (जोड टेकून सील होतो ती कड) वेगळी निघू शकते. नट छान बसतो, गळती तशीच राहते, आणि दोष होसला दिला जातो.

लांबी नळीवर सुतळी टाकून मोजावी आणि थोडी सैल धरावी, कारण प्रेशर आल्यावर होस 4 टक्क्यांपर्यंत आखडू शकते. 3/8 आर-2 ला 130 मिमीपेक्षा लहान त्रिज्येत वळवू नये. फेरूलला (होसच्या टोकावर दाबलेल्या धातूच्या टोपणाला) लागूनच वळण देऊ नये, तिथे एल्बो (वाकडा जोड) घ्यावा. होसवरची छापील रेघ सरळ राहिली म्हणजे पीळ पडलेला नाही. आवळताना दोन पाने लागतात: एकाने निपल (होसच्या टोकाचा धातूचा जोड) धरायचा, 22 च्या पान्याने नट फिरवायचा. हाताने टेकेपर्यंत, मग पाव फेरा. टेफ्लॉन टेप अजिबात नको. इथे सील सीटवर होतं, आट्यांवर नाही, आणि टेपचे तुकडे शेवटी स्पूलमध्येच जातात. पंपाच्या बाजूला सपाट तोंडावर तांब्याचा जुना वायसर होता, तिथे रबराची कड असलेला नवा डाउटी वायसर टाकला.

क्लिपा होसच्या बाहेरच्या मापाच्याच हव्यात, साधारण 19 मिमी. सैल क्लिप होसला कानशीसारखी घासते. मांडवाखाली चालायचं म्हणून सायलेन्सर खालून आडवा काढलेला असतो. त्याच्याजवळ होसवर उष्णतारोधक बाही चढवली होती. आज त्या जागेवरचं रबर मऊ आहे, तडे नाहीत.

आता सक्शन. इथे प्रेशर नाही, ओढ आहे. म्हणून चालू इंजिनवर ऑइल टपकत नाही, उलट हवा आत जाते: पंप किंचाळतो, लिफ्ट हिसके देत उचलते, ऑइलला फेस येतो. इंजिन बंद केल्यावर त्याच जागी ओल दिसते. नवीन रबर दाबून बसतं तशी क्लिप सैल पडते. पहिल्या काही तासांच्या कामानंतर आणि पुन्हा ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर आवळावी लागली. डिसेंबरात निफाड-दिंडोरीच्या थंडीत सकाळी घट्ट ऑइलला ओढ जास्त लागते, तेव्हा हाच जोड परत आवाज करू लागला. पाण्याची साधी नळी इथे चालत नाही. ऑइलने फुगते आणि ओढीने चपटी होते. आत तारेचं वेटोळं असलेली आर-4 सक्शन होसच घ्यावी आणि दोन्ही टोकांना दोन-दोन रुंद क्लिपा लावाव्यात. तेवढं केल्यावर आवाज थांबला.

हवा काढायला रिकामी लिफ्ट हळू इंजिनवर आठ-दहा वेळा वरखाली करावी. ऑइलची पातळी लिफ्ट खाली असतानाच बघावी, नाहीतर कमी समजून जास्त ओतलं जातं. याच वेळी सक्शनच्या गाळणीची जाळी काढून धुवावी. जुन्या नळीचा गंज तिथेच साचलेला सापडतो. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलेलं आहे, मग वरून भर न टाकता सगळं बदलावं.